चार्जिंग स्टेशनसाठी रस्त्यालगतची जागा कशी पारखावी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मोटारींसाठी फास्ट चार्जिंग स्टेशन उभारायचं आहे आणि एकाच महामार्गावरच्या तीन जागा हाताशी आहेत. पहिली शहराच्या वेशीवर, जिथून रोज सगळ्यात जास्त गाड्या जातात. दुसरी तिथून १४० किलोमीटरवर, एका जुन्या उपाहारगृहाच्या आवारात. तिसरी आणखी ४० किलोमीटर पुढे, घाटमाथ्यावर, जिथे लोक दरी बघायला उतरतात. वर्दळ पाहून तुमचा कल पहिलीकडे आहे, भागीदाराला तिसरी आवडली आहे, आणि करारावर सही करायच्या आधी काय काय तपासावं हे तुम्हाला हवं आहे.

मी आधी वीज वितरणाच्या कामात होतो. गेली काही वर्षं चार्जिंग स्टेशनच्या जागा पाहणं हेच माझं काम आहे. कागदावर देखण्या दिसणाऱ्या जागा वर्षभरात ओस पडलेल्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी डोक्यातून पेट्रोल पंप काढून टाका. पंपावर माणूस पाच मिनिटं थांबतो, त्यामुळे पंपाला वर्दळ आणि दर्शनी जागा पुरते. चार्जिंगला गाडी लावलेला माणूस पंचवीस ते चाळीस मिनिटं तिथे असतो. हा अर्धा तास लोकांना कुठे लागतो, तो कुठे सुसह्य होतो, आणि तो अर्ध्या तासातच संपावा इतकी वीज कुठे मिळते, या तीन गोष्टी जिथे जुळतात ती जागा चांगली.

आता हा अर्धा तास लागतो कुठे ते बघू. मध्यम आकाराच्या गाडीची बॅटरी ६० युनिटची धरा. महामार्गावर ताशी १०० किलोमीटरच्या आसपास ती दर १०० किलोमीटरला १८ ते २० युनिट खाते, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे ३०० किलोमीटर जाते. वेग वाढला की हे अंतर भराभर घटतं, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. माणूस शून्यावर येईपर्यंत कधीच चालवत नाही. वीस टक्के दिसायला लागले की त्याचं लक्ष रस्त्यावरून काट्याकडे जायला लागतं. म्हणजे बॅटरीच्या हिशेबाने थांबा येतो २३०-२४० किलोमीटरवर. पण शरीराचा थांबा त्याच्या आधी येतो. दोन-अडीच तास बसलं की पाठ बोलते, लहान मुलं कुरकुरतात, स्वच्छतागृह लागतं. म्हणून शहरापासून १२० ते २०० किलोमीटरचा पट्टा हा मला नेहमी सगळ्यात कसदार वाटतो. तिथे बॅटरीची गरज आणि माणसाची गरज एकाच वेळी येतात.

तुमच्या पहिल्या जागेची अडचण इथेच आहे. शहरातून सकाळी निघालेली गाडी रात्रभर घरी लावलेली असते. साधा ७.४ किलोवॉटचा घरगुती चार्जर आठ तासांत ५९ युनिट देतो, म्हणजे अख्खी बॅटरी भरते. ही गाडी वेशीवर कशाला थांबेल? परतीच्या गाड्यांचंही तेच. पंधरा किलोमीटरवर घर आणि बॅटरीत बारा टक्के असतील, तर माणूस दमलेला असतो, तो सरळ घर गाठतो आणि तिथे स्वस्तात भरतो. तुम्ही मोजलेल्या गाड्यांत रोज कामावर ये-जा करणारेही बरेच असणार, त्यांना रस्त्यात चार्जिंग लागतच नाही. त्यामुळे वाहनगणनेचा मोठा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. लांबचा प्रवास करणाऱ्या गाड्या त्यात किती, हा आकडा शोधा. तो कुठे तयार मिळत नाही, पण टोल नाक्यांवरच्या नोंदी, वाहतूक सर्वेक्षणातले उगम-गंतव्य तक्ते (गाड्या कुठून निघाल्या आणि कुठे चालल्या याच्या नोंदी), आणि ते नसतील तर उपाहारगृहाच्या आवारात शनिवारी उभं राहून लोकांना ‘कुठून आलात, कुठे निघालात’ एवढं विचारणं, यांतून चांगला अंदाज येतो. मी स्वतः हे तिसरं करतो. दोन दिवसांत चित्र स्पष्ट होतं.

वेशीवरची जागा सर्वस्वी वाया जाते असं मात्र नाही. आसपास हक्काचं पार्किंग नसलेल्या इमारती भरपूर असतील किंवा टॅक्सींचा तळ जवळ असेल, तर ती उत्तम चालते. पण मग ते गाववाल्यांचं स्टेशन झालं. तिथे रोजचेच लोक येतात, दर महत्त्वाचा असतो, वेगाची घाई कमी असते, आणि यंत्रंही वेगळी लागतात. तो धंदा वेगळा, त्याचा हिशेबही वेगळा.

सरकारी नियमांत दोन स्टेशनांमधलं अंतर सापडतं. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमात मुख्य महामार्गांवर जास्तीत जास्त ६० किलोमीटरला एक स्टेशन, प्रत्येक दिशेला, असं आहे. अमेरिकेने २०२२ मध्ये महामार्गांसाठी निधी देताना दर ५० मैलांना एक स्टेशन, महामार्गापासून एका मैलाच्या आत, आणि १५० किलोवॉटच्या किमान चार गन (गन म्हणजे गाडीत खुपसायचं केबलचं तोंड), अशी अट ठेवली. भारताच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक असं होतं. हे आकडे जाळं विणणाऱ्यासाठी आहेत. तुम्हाला एकच स्टेशन उभं करून चालवायचं आहे. तेव्हा नियमातलं अंतर हे परवानगीसाठी आणि अनुदानासाठी पाहा, गिऱ्हाईक त्यावरून ठरत नाही.

घाटमाथ्याच्या जागेबद्दल आता थोडं गणित करू, कारण ती जागा बऱ्याच जणांना भुरळ घालते. माणसांसकट १८०० किलोची गाडी १००० मीटर वर न्यायला जवळजवळ ५ युनिट ऊर्जा लागते. मोटरमधला अपव्यय धरला तर साडेपाच. सपाटीवर एवढ्या विजेत गाडी ३० किलोमीटर जाते. म्हणजे घाट चढणाऱ्याची धास्ती पायथ्याशी असते. वर पोचलो तर पोचलो, पण मधेच संपली तर काय, हा प्रश्न त्याला चढ सुरू व्हायच्या आधी पडतो आणि तो तिथेच चार्जिंग शोधतो. माथ्यावर पोचलेला माणूस मोकळा झालेला असतो, कारण पुढे उतार आहे आणि उतारावर मोटर जनित्रासारखी चालून चढताना गेलेल्या विजेतली बरीचशी परत देते. आणखी एक गोष्ट. माथ्यावर बॅटरी काठोकाठ भरून कोणी उतरायला लागला, तर परत आलेली वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. मग गाडी मोटरने वेग रोखणं कमी करते आणि सगळा भार नेहमीच्या ब्रेकवर येतो. लांब उतारावर हे चांगलं नाही. माथ्यावर स्टेशन केलंच तर तिथे ८० टक्क्यांना थांबण्याची सूचना ठळक लावायला हवी.

शिवाय घाटमाथ्यावरचा वीजपुरवठा बहुधा एकाच लांब ओव्हरहेड लाइनवर लटकलेला असतो. झाड पडलं, वीज कोसळली की दिवसभर अंधार. आणि दरी बघायला येणारी गर्दी सुट्टीच्या दिवसांची. मंगळवारी दुपारी तिथे जाऊन बघा, मग भागीदारांशी बोला.

विजेबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त स्टेशनं इथेच अडकतात आणि सगळ्यात कमी लोक हे आधी बघतात. जागेवर गेलो की मी जमिनीकडे बघायच्या आधी वर बघतो. खांबांवर किती तारा आहेत, कुठल्या दाबाची (व्होल्टेजची) लाइन आहे, ती कुठून येते, जवळचा ट्रान्सफॉर्मर कुठे आहे, त्याच्या पाटीवर किती केव्हीए (म्हणजे त्याची क्षमता) लिहिलंय, आणि त्यावरून आधीच किती जणांना जोडणी दिली आहे. शंभर केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर शेजारीच दिसला म्हणून लोक खूश होतात. त्यावर आधीच घरं, पंप आणि दुकानं असतील, तर तुमच्या वाट्याला त्यातलं जवळपास काही येत नाही.

हिशेब असा. १५० किलोवॉटच्या चार गन म्हणजे ६०० किलोवॉट. हा भार ४०० व्होल्टवर आणायचा तर ९०० अँपिअरहून जास्त प्रवाह लागतो. इतकी जाड केबल लांबून आणणं परवडत नाही आणि वाटेत दाबही पडतो. तोच भार ११,००० व्होल्टवर आणला तर प्रवाह ३३ अँपिअरच्या आसपास राहतो. म्हणून अशा स्टेशनला उच्चदाबाची जोडणी आणि आवारातच स्वतःचा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यासाठी पक्की, उंचावरची, कुंपण घालता येईल अशी जागा आत्ताच राखून ठेवा. तुमच्या आवारापासून उच्चदाबाची लाइन ५० मीटरवर आहे की दीड किलोमीटरवर, यावर प्रकल्पाचा बराचसा खर्च आणि वेळ ठरतो. आणि लाइन रस्त्याच्या पलीकडे असेल तर मधला रस्ता ओलांडण्याची परवानगी हा स्वतंत्र अध्याय असतो. चर खणायला चार दिवस लागतात, खणायची परवानगी मिळायला कधी कधी सहा महिने.

सगळ्या गन एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालतील हे धरून भार मागायची गरज नसते. बॅटरी रिकामी असताना गाडी भराभर वीज ओढते, साठ टक्क्यांनंतर तिचा वेग उतरतो आणि ऐंशीच्या पुढे तर ती रेंगाळते. चार गाड्या चार वेगवेगळ्या अवस्थेत असतात. त्यामुळे आपसांत वीज वाटून घेणारी यंत्रं घेतली तर सुरुवातीला ३०० किलोवॉटच्या मंजूर भारावरही चार गन नीट चालतात. मंजूर भारावर, म्हणजे वीज कंपनीने ठरवून दिलेल्या किलोवॉटवर, स्थिर आकार द्यावा लागत असेल, तर गाड्या येवोत न येवोत तो द्यावाच लागतो, म्हणून पहिल्या वर्षी ही काटकसर कामी येते. मात्र जमिनीखालचे पाइप आणि चौथरे पुढच्या आठ गनच्या हिशेबानेच घालून घ्या. फरशी एकदा घातली की परत फोडायला जीवावर येतं.

उलट बाजूने, फार कमी ताकदीची यंत्रंही घेऊ नका. ६० युनिटची बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर न्यायला ४२ युनिट लागतात. ३० किलोवॉटच्या यंत्रावर त्याला जवळजवळ दीड तास लागतो. महामार्गावर दीड तास कोणी बसत नाही. अर्ध्या तासात हे काम व्हायचं तर सरासरी ८४ किलोवॉट मिळायला हवेत.

पुरवठ्याचा दर्जा तपासल्याशिवाय मी आता कुठलीच जागा पसंत करत नाही. एका स्टेशनवर रोज संध्याकाळी सात ते नऊ यंत्रं आपोआप बंद पडायची. यंत्र पुरवणाऱ्याने आतली सर्किट कार्डं दोनदा बदलली, फरक पडला नाही. मी तिथे सात दिवस दाब नोंदवणारं यंत्र लावलं. आलेख काढला तर दिवसभर सरळ चाललेली रेघ सातच्या ठोक्याला खाली घसरत होती आणि नऊनंतर वर येत होती. स्टेशन लाइनच्या अगदी शेवटच्या टोकाला होतं. गावातले दिवे, पंखे, पंप सुरू झाले की शेवटच्या टोकाला दाब उरत नव्हता, आणि ठरलेल्या मर्यादेखाली दाब गेला की चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतो. यंत्राची काही चूक नव्हती. जागा घ्यायच्या आधी हे सात दिवस खर्च केले असते तर पुढचं वर्ष वाचलं असतं. ज्या गाडीवाल्याला संध्याकाळी साडेसातला बंद यंत्र दिसलं, तो परत येत नाही, आणि तो अॅपवर लिहूनही ठेवतो.

गनच्या संख्येबद्दलही लोकांचा अंदाज चुकतो. समजा एकच गन आहे, प्रत्येक गाडीला बरोबर ३० मिनिटं लागतात आणि सरासरी दर ४० मिनिटांनी एक गाडी येते. वाटतं की दहा मिनिटं शिल्लक राहतात, मग रांग कशाला लागेल? पण गाड्या घड्याळ लावून येत नाहीत. कधी तासभर कोणी नाही, कधी एकदम तीन. रांगेचं गणित मांडलं तर इथे सरासरी ४५ मिनिटं ताटकळावं लागतं. आता चार गन ठेवा आणि गाड्याही चौपट येऊ द्या. ताटकळणं सात-आठ मिनिटांवर येतं. गनमागे गाड्या तितक्याच, पण माणसाचा अनुभव पार बदलतो. म्हणून दोन ठिकाणी दोन-दोन गन लावण्यापेक्षा एका ठिकाणी चार लावा असं मी सांगतो. आणि ज्या जागेत चारच्या पुढे वाढायला वाव नाही ती जागा, कितीही मोक्याची असली तरी, सोडून द्या.

आता तो अर्धा तास सुसह्य होतो का ते बघायचं. यासाठी माझ्याकडे एकच पद्धत आहे. जागा दुपारी पाहिली असेल तर रात्री साडेदहाला पुन्हा जायचं, गाडी लावायची, आणि अर्धा तास तिथेच थांबायचं. एका आवाराचं मला अजून आठवतं. दुपारी तिथे झाडांची सावली, माणसांची ये-जा, सगळं झकास. रात्री गेलो तर उपाहारगृह साडेनऊलाच बंद झालेलं, स्वच्छतागृहाला बाहेरून कुलूप, आणि एकमेव दिवा इमारतीच्या मागच्या बाजूला. चार्जर जिथे बसणार होते त्या कोपऱ्यात मला माझ्या गाडीच्या चाव्या दिसेनात. तेवढ्यात एक बाई एकटीच गाडी घेऊन आत आली, तिने गाडी न थांबवता आवाराला फेरी मारली आणि ती तशीच बाहेर निघून गेली. एवढ्या एका फेरीत मला जे कळलं ते कुठल्याही अहवालात सापडलं नसतं.

म्हणून जागामालकाशी करार करताना स्वच्छतागृह चोवीस तास उघडं राहील, चार्जरच्या रांगेवर रात्रभर प्रकाश राहील, आणि किमान एक माणूस हाकेच्या अंतरावर असेल, हे लेखी घ्या. ‘ते काय, होऊन जाईल’ यावर विसंबू नका. प्रकाश आणि कॅमेरा केबलसाठीही हवाच. तिच्यातल्या तांब्यावर चोरांचा डोळा असतो आणि एक केबल कापली की ती गन कित्येक दिवस बंद राहते.

आवाराच्या आत चार्जर कुठे मांडायचे यात एक चूक मी वारंवार पाहतो. कौतुकाने चार्जर अगदी दाराशी लावले जातात. दाराशी असलेली जागा सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे तिथे पेट्रोलच्या गाड्या लागतात आणि चार्जिंगवाला बाहेर हॉर्न वाजवत बसतो. दारापासून चाळीस-पन्नास पावलं बाजूला, पण दारातून दिसतील असे चार्जर ठेवा. ज्याला चार्जिंग हवं आहे तो तेवढं चालतो, ज्याला नको तो तिथे गाडी लावायला जात नाही.

गाड्यांच्या चार्जिंगच्या तोंडाची जागाही एक नसते. निसान लीफच्या जुन्या मॉडेलांचं तोंड नाकावर आहे, टेस्लाचं मागे डाव्या बाजूला, ह्युंदाई आयॉनिक ५ चं मागे उजव्या बाजूला. चार मीटरची केबल एका गाडीला सहज पोचते आणि दुसरीला बोटभर कमी पडते. मग ती गाडी तिरकी लागते आणि शेजारची गन अडते. म्हणून पार्किंगचे पट्टे नेहमीपेक्षा रुंद ठेवा, यंत्र दोन पट्ट्यांच्या मधोमध समोर ठेवा, आणि जमिनीत उंच कठडे बांधू नका. चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या माणसाला यंत्राचा स्क्रीन दिसला पाहिजे आणि गन हाती आली पाहिजे. एक तरी पट्टा असा असावा की ज्यात गाडी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघेल, मागे ट्रेलर असलेल्याला त्याशिवाय पर्याय नसतो.

रस्त्यावरून आत येण्याची वाट गाडीत बसून तपासा, नकाशावर नको. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २८ मीटर. पाटी दिसली, शेजारच्याला विचारलं, आरशात पाहिलं, लेन बदलली, वेग कमी केला, यात दहा-बारा सेकंद सहज जातात. म्हणजे पाटी आणि प्रवेश दोन्ही निदान ३०० मीटर आधी दिसायला हवेत. वळणाच्या आतल्या बाजूची किंवा चढ संपल्यावर लगेच येणारी जागा म्हणूनच वाया जाते, आणि ती धोक्याचीही असते. रस्ता दुभाजकाचा असेल तर तुम्ही एकाच दिशेचे मालक आहात हे लक्षात ठेवा. पलीकडून येणाऱ्याला वळसा किती किलोमीटरचा पडतो ते मोजा. दोन-तीन किलोमीटरपुढे कोणी वळत नाही. जिथे उड्डाणपूल किंवा भुयारी मार्गाने दोन्ही बाजूंचे लोक सहज येतात, त्या चौकाजवळची जागा थोडी आतली असली तरी सरस.

आणि बाह्यवळण! रस्ते खात्याच्या नियोजनात गावाबाहेरून नवा रस्ता आखलेला आहे का, सध्याच्या रस्त्याचं रुंदीकरण मंजूर आहे का, हे आधी शोधा. चार्जर आठ-दहा वर्षं चालवायचे असतात. तिसऱ्या वर्षी महामार्ग दोन किलोमीटर बाजूने गेला, तर बाकी सगळं बरोबर असूनही हाती काही राहत नाही. रुंदीकरणात पहिला बळी दर्शनी पट्ट्याचा जातो, आणि ट्रान्सफॉर्मर नेमका तिथेच बसवलेला असतो.

पाण्याबद्दल फार लिहीत नाही, एकच सांगतो. कोरड्या दिवसांत जागा बघायला गेलात तर कुंपणाची भिंत निरखून बघा. एका आवारात भिंतीवर गुडघ्याच्या वर एकसारखी मातकट रेघ होती, तिच्याखाली रंगाचे पोपडे सुटलेले. मालक म्हणाले इथे कधी पाणी येत नाही. मागे राहणाऱ्या आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, दरवर्षी येतं, पण दोनच दिवस राहतं. दोन दिवस पुरेसे आहेत. जागा बाकी चांगली असेल तर चौथरा त्या रेघेच्या वर उचला, आणि ते परवडत नसेल तर पुढची जागा बघा.

उष्ण प्रदेशात छत घालाच. यंत्राचं तापमान वाढलं की ते स्वतःच ताकद कमी करतं आणि १२० किलोवॉटचं यंत्र ऐन दुपारी निम्म्यावर येतं. कच्च्या धुळीच्या रस्त्याला लागून यंत्र ठेवलं तर हवेच्या जाळ्या तुंबतात आणि परिणाम तोच होतो. मोबाइलचं नेटवर्क तपासताना रस्त्यावर उभं राहून तपासू नका. यंत्र जिथे बसणार तिथे, वेगवेगळ्या कंपन्यांची सिम घेऊन, तपासा. डोंगर कापून केलेल्या खोलगट जागांमध्ये दहा पावलांत नेटवर्क जातं, आणि पैसे भरणं अॅपवर असेल तर गन हातात धरून माणूस हताश उभा राहतो.

जवळपास दुसरं स्टेशन आहे म्हणून लगेच मागे फिरू नका. चार्जिंगचे नकाशे दाखवणाऱ्या अॅपवर तिथल्या गन दिवसातून चार वेळा पाहून तीन-चार आठवडे टिपून ठेवा. शनिवारी दुपारी सगळ्या गन भरलेल्या दिसत असतील तर तिथे मागणी आहे याचा तो फुकटातला पुरावा आहे. लोकांच्या नोंदीही वाचा, त्यांत काय कमी आहे ते ते स्वतःच सांगतात. एका ठिकाणी बंद असलं तर दुसरं आहे, या भरवशावर लोक त्या टप्प्यात थांबायचं ठरवतात, त्यामुळे शेजार बऱ्याचदा फायद्याचाच ठरतो.

तर तुमच्या तिन्हींमध्ये माझं मत दुसऱ्या जागेला आहे. १४० किलोमीटर हे अंतर नेमकं आहे. घाट पुढे आहे, म्हणजे चढणाऱ्याला ती चढाच्या आधी सापडते, आणि जुनं उपाहारगृह म्हणजे लोकांना तिथे थांबायची सवय आधीपासून आहे. पहिली जागा टॅक्सी आणि बिनपार्किंगच्या इमारती किती आहेत हे मोजल्यावर वेगळा प्रकल्प म्हणून बघा. तिसरी सोडा.

पण दुसरीलाही अजून होकार देऊ नका. तिथल्या मालकांकडून दोन-तीन महिन्यांची मुदत मागा, लागलं तर थोडी अनामत द्या. त्या मुदतीत सात दिवसांची दाबाची नोंद घ्या, एक शनिवार दिवसभर आणि एक आडवार रात्री तिथे काढा, बाह्यवळणाची चौकशी करा. आणि वीज कंपनीकडे ६०० किलोवॉटसाठी अर्ज टाकून, पहिल्या टप्प्यात ३०० कधी आणि कुठल्या लाइनवरून देणार, हे त्यांच्या सहीशिक्क्याच्या पत्रावर घ्या. तोंडी ‘देऊ की’ बरेच जण म्हणतात. पत्र हाती आलं की मग भाड्याचा करार करा, तोही किमान दहा वर्षांचा, ट्रान्सफॉर्मरच्या जागेसकट. पत्र आणि दाबाचा आलेख आला की इथेच टाका, मी बघून सांगतो.